काडतूस कुठलं? – १९०७ सालची गोष्ट

कुठल्या जनावराला कुठलं काडतूस, हे खरं तर शिकाऱ्याने ठरवायचं. पण १९०७ साली हिंदुस्थानात त्यात सरकारच पडलं!

तेव्हा मोठ्या शिकारीला साहेबलोक .४५० बोअरची दुनळी रायफल वापरत. फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीचा बोअरही तोच. दारूगोळा बंडखोरांच्या हाती लागेल या धास्तीने सरकारने .४५० वर बंदी घातली. विलायतेतले बंदूकवाले कसले ऐकतात! .४६५, .४७० अशी काडतुसं बाजारात आली. कायदाही पाळला, धंदाही चालला.

.४७० ची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, हत्ती-गव्यासाठी. हरणांसाठीच्या .२७५ रिग्बीची जेमतेम ९ ग्रॅम. आता गंमत बघा, आफ्रिकेत बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने याच हलक्या काडतुसाने शेकडो हत्ती पाडले. पण तो मेंदूचाच नेम धरी. आपल्याकडच्या हौशी साहेबांत असे नेमबाज किती असतील, मला शंकाच आहे.

कारण त्याच १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. ४३६ बळी तिच्या नावावर. तिचे उजवीकडचे वरचा-खालचा दोन्ही सुळे कुणाच्या तरी गोळीने मोडलेले होते. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेट सांगतो. गोळी जड होती की हलकी, याने त्या ४३६ घरांना काय फरक पडला?

या कामगिरीबद्दल कॉर्बेटला सर जॉन ह्यूएट यांच्याकडून रायफल भेट मिळाली. ती .२७५ रिग्बीच होती.