सिअ‍ॅटलच्या मुलीला मिळालेलं माहेर

इथल्या लग्नांत तुम्ही हे पाहिलं असेल. मुलगा आपला, मुलगी अमेरिकन. गुरुजी तिचं गोत्र विचारतात, तिचे आईवडील एकमेकांकडे बघतात, मग गुरुजीच 'काश्यप' म्हणून पुढे जातात. मांडवात हशा पिकतो. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजघराण्याला याच अडचणीसाठी बराच मोठा घाट घालावा लागला होता.

इंदूरचे तिसरे तुकोजीराव होळकर. मुंबईतल्या बावला खून प्रकरणाचे धागे त्यांच्या दरबारापर्यंत पोचले आणि १९२६ साली त्यांना गादी सोडावी लागली. पुढे त्यांनी सिअ‍ॅटलच्या नॅन्सी अ‍ॅन मिलरशी लग्न करायचं ठरवलं. दोन राण्या आधीच घरात होत्या, पण त्या काळात त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. गदारोळ झाला तो ख्रिस्ती मुलीवरून.

खरं तर हा त्या दोघांनी आपापसांत जमवलेला विवाह. पार मात्र पडला तो ठरवून केलेल्या लग्नासारखा, बैठका आणि मनधरण्या करून. सनातनी मंडळींचा विरोध होता. तरी करवीर पीठाचे शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी पुढे आले, नाशिकला तिला हिंदू करून घेतलं आणि नॅन्सीची शर्मिष्ठा झाली.

धर्माचं काम एका विधीत झालं. जातीचं होईना. जात जन्मानं मिळते, ती कुठला आचार्य देणार? होळकर धनगर, तेव्हा सूनही धनगराघरचीच हवी. मग एका प्रतिष्ठित धनगर कुटुंबानं तिला दत्तक घेतलं. आमच्या आयटीच्या धंद्यात याला 'वर्कअराउंड' म्हणतात: नियम तसाच ठेवायचा आणि काम करून घ्यायचं. १७ मार्च १९२८ रोजी नर्मदेकाठी बडवाहला लग्न लागलं.

मला ही गोष्ट गोडही वाटते आणि खुपतेही. परक्या मुलीला कुणीतरी 'ही आमची लेक' म्हणालं, हे थोडं नाही. पण बदलायचं होतं ते सगळं तिनंच: नाव, धर्म, बापसुद्धा.

याच घरात चार वर्षं आधी एक वेगळं लग्न झालं होतं. तुकोजीरावांचे चिरंजीव यशवंतराव आणि कागलच्या घाटग्यांची मुलगी. मराठा-धनगर सोयरीक व्हावी ही कल्पना राजर्षी शाहूंची. आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नांना मान्यता देणारा कायदा त्यांनी कोल्हापुरात १९१९ साली केला होता. १९२२ साली ते गेले, लग्न १९२४ मध्ये लागलं. त्यात मुलीची जात झाकायची नव्हती, उलट ती वेगळी असण्यालाच अर्थ होता. मला ही रीत जास्त सरळ वाटते.

शर्मिष्ठाबाईंना चार मुली झाल्या, आणि त्या इंदूरच्याच होऊन राहिल्या.

तुमच्याकडे यंदा असं लग्न असेल, तर एक करा. मुलीच्या आईवडिलांना आठवडाभर आधी फोन करून सांगा, की गुरुजी तुमच्या घराण्याबद्दल विचारतील. काय सांगायचं ते त्यांना ठरवू द्या.