रत्नागिरीची सदतीस मिनिटं

“किती वाजले रे?”

आमच्या घरात हा प्रश्न रात्री दोनला येतो, साडेतीनला येतो आणि पावणेपाचला परत येतो. आजी एकोणनव्वद वर्षांची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी डोळ्यांत आता फारसा दम राहिलेला नाही. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत नाही. मोबाईल डोळ्यांसमोर धरला तर उजेडाने ती आणखीच जागी होते. पहाटे पाचला तिची थायरॉईडची गोळी असते. ती चुकेल या धास्तीने ती रात्रभर वेळ विचारत राहते, आणि आई रात्रभर सांगत राहते. सकाळी साडेसातला आईला कामावर जायचं असतं.

म्हणून गेल्या एप्रिलमध्ये शिकागोची आत्या येताना एक घड्याळ घेऊन आली. छतावर लाल आकड्यांत वेळ पाडणारं. सोबत हवामानाचा एक छोटा सेन्सर, तो घराबाहेर ठेवायचा. म्हणजे आडव्या पडलेल्या माणसाला नुसते डोळे उघडले की वेळ दिसावी आणि बाहेरचं तापमानही. ते लावायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं, अर्ध्या तासात होईल. झालं असं की, त्या अर्ध्या तासातच सगळी गोष्ट अडकली होती.

आधी झोपेचं बघू. रात्री वेळ कळावी आणि झोपही मोडू नये, ही मागणी जुनी आहे. सतराव्या शतकात रोममध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांना झोप येत नसे, आणि घड्याळाची टिकटिक तर मुळीच सहन होत नसे. त्यांच्यासाठी कांपानी बंधूंनी एक रात्रीचं घड्याळ बनवलं. त्यात आवाज न करणारी यंत्रणा होती. आकडे तबकडीत आरपार कोरलेले होते आणि मागे तेलाचा दिवा. अंधारात फक्त उजेडाचा आकडा सरकताना दिसायचा. आत्याने आणलेलं घड्याळ त्याच घराण्यातलं, तेलाच्या जागी लाल एलईडी आलेला.

अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं आहे ना, हे बघून मी ते लावलं. पहिल्या रात्री आकडे उलटे पडले. त्याला एक फिरवायचं बटण होतं, ते सापडलं. मग आकडे दिसेनात. आमचं घर पावसच्या रस्त्याला, चिऱ्याचं, वर कौलं. माजघरावर पोटमाळा आहे आणि त्याच्या फळ्या सत्तर वर्षांच्या धुराने काळ्या झालेल्या. अमेरिकेतलं पांढरं सपाट छत इथे कुठून आणणार? शेवटी आईने ट्रंकेतून आजोबांचं एक जुनं पांढरं धोतर काढलं, चार घड्या घातल्या, आणि आम्ही ते आजीच्या खाटेवर फळ्यांना खिळ्यांनी ठोकलं. त्यावर लाल आकडे झकास उमटले. फक्त ते शिकागोचे होते.

घड्याळावर चार बटणं होती : पी, एम, सी, ई. अमेरिकेचे चार कालविभाग. हे घड्याळ स्वतःची वेळ स्वतः लावून घेतं. कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स इथून ६० किलोहर्ट्झवर एक रेडिओ संदेश सतत प्रक्षेपित होतो, त्यात अणुघड्याळाची वेळ असते. जर्मनीतही माइनफ्लिंगेन इथे ७७.५ किलोहर्ट्झवर असंच केंद्र आहे. पण या दोन्ही लहरी रत्नागिरीपर्यंत काही पोचत नाहीत. आमचं घड्याळ मात्र रोज रात्री एकदा ॲन्टेनाचं चिन्ह लुकलुकवत कोलोरॅडोला शोधत बसायचं, आणि मग दमून गप्प व्हायचं. भारताची प्रमाणवेळ सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिच्या अणुघड्याळांची भाषा या डबड्याला येत नव्हती. त्यातून एका विभागातून दुसऱ्यात जाताना ते पूर्ण तासाची उडी मारायचं. मिनिटांना हात लावायचं नाही. आपला साडेपाचातला अर्धा त्याच्या हिशेबात नव्हताच.

शेवटी रेडिओ बंद केला आणि मोबाईलमध्ये बघून हाताने वेळ लावली. आजीने धोतराकडे बघितलं. “बारा चाळीस. दिसतंय. पण हे पुढे आहे.”

“नाही गं, मोबाईलवरून लावलंय.”

“मोबाईल पण पुढेच असतो,” असं म्हणून ती कुशीवर वळली.

तेव्हा मी ते वयावर सोडून दिलं. नंतर मात्र ते डोक्यातून जाईना, म्हणून शोधत गेलो.

आपला अर्धा तास आला कुठून? पृथ्वी स्वतःभोवती फिरताना सूर्य दर चार मिनिटांना एक रेखांश ओलांडतो. म्हणजे प्रत्येक गावाची दुपार वेगळी. रेल्वे आणि तार येण्यापूर्वी त्याने कुणाचं अडत नव्हतं. आपल्याकडे दिवस सूर्योदयापासून मोजायचे. साठ घटकांचा दिवस, एक घटका चोवीस मिनिटांची. घटका मोजायला घटिकापात्र : तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की घटका झाली. लग्नात मुहूर्त साधायला ते लावत. वाटी बुडताना दिल्लीला किती वाजले, हा प्रश्नच नव्हता.

मग मुंबईला बंदर वाढलं. जहाजाला रेखांश काढायला अचूक वेळ लागते. कुलाब्याची वेधशाळा १८२६ची, तिचं एक काम हेच. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे आणि तारखातं मात्र मद्रासच्या वेळेवर चालायचं, ती आणखी अर्धा तास पुढे. १८८१मध्ये मुंबईचे गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्या मद्रास वेळेवर आणल्या. मुंबईकर असे चिडले की दोन वर्षांत निर्णय मागे घ्यावा लागला. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचं घड्याळ मुंबईचीच वेळ दाखवत राहिलं, तर सरकारने रात्री ते उजळायचा खर्च द्यायला नकार दिला. म्हणजे रात्री वेळ दिसणं हाही तेव्हा राजकारणाचाच विषय होता. हे तेच फर्ग्युसन, ज्यांचं नाव पुण्यातल्या कॉलेजला आहे.

१ जानेवारी १९०६ला देशाची एकच वेळ ठरली : ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईचं घड्याळ ३९ मिनिटं पुढे ढकलायचं होतं. ३९ मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात. पण गिरणीचा भोंगा घड्याळात तोच राहिला आणि सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी वाजला, तर खुराड्यातून अंधारात कुणी उठायचं? त्याच महिन्यात मुंबईत गिरणी कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध काम बंद केलं. वंगभंगाचे आणि स्वदेशीचे दिवस होते, सरकारने आता आमची सकाळही बदलली, असाच त्याचा अर्थ लावला गेला. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी वेळ स्वातंत्र्य मिळेपर्यंत सोडली नाही.

आणि रत्नागिरी? आपला रेखांश साधारण ७३.३. प्रमाणवेळेच्या रेषेपासून ९.२ अंश पश्चिमेला. नऊ पूर्णांक दोन गुणिले चार. सदतीस मिनिटं. माझ्या मोबाईलवर दुपारचे बारा वाजतात, तेव्हा रत्नागिरीच्या सूर्याचे सरासरी अकरा वाजून तेवीस मिनिटं झालेली असतात.

आजीला विचारलं, तर तिच्याकडे आणखी एक वेळ निघाली. “लढाईत घड्याळं एक तास पुढे केली होती. शाळेत जायचो तेव्हा काळोख.” हेही खरं निघालं. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होतं. जानेवारीत रत्नागिरीला सूर्य आज सात-दहाच्या सुमाराला उगवतो, तेव्हा तो घड्याळात आठ-दहाला उगवत असणार. सात वर्षांची आजी पाटी-दप्तर घेऊन ज्या काळोखात चालली, तो काळोख ठरला होता एका सरकारी आदेशाने.

आता सेन्सरची गोष्ट. आधी तो अंगणात पेरूला टांगला. दुपारी घड्याळाने ४६ अंश दाखवलं आणि आई घाबरली. चूक माझी होती. हवेचं तापमान सावलीत मोजायचं असतं. हवामान खात्याच्या वेधशाळेत त्यासाठी पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, जमिनीपासून चारेक फुटांवर, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आत पडत नाही. ती ज्याने बनवली तो थॉमस स्टीव्हन्सन, कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. मग सेन्सर पडवीत आणला, तर दीड फुटी चिऱ्याच्या भिंतीतून त्याचा संदेशच आत येईना. शेवटी माजघराच्या उत्तरेच्या खिडकीबाहेर, पागोळीपासून आत, अशी जागा सापडली.

घड्याळावर एक चित्रही यायचं : सूर्य, ढग किंवा पाऊस. एप्रिलभर ते सकाळी दहाला सूर्य दाखवायचं आणि दुपारी चारला ढग. आकाशात ढगाचा मागमूस नाही. गंमत अशी की, हे घड्याळ हवेच्या दाबावरून अंदाज करतं. दाब उतरला की ढग, चढला की ऊन. थंड देशांत ते बरंचसं जमतं. पण उष्ण कटिबंधात हवेचा दाब समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो : सकाळी आणि रात्री दहाच्या आसपास चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या आसपास उतरलेला. कोकणातल्या या रोजच्या श्वासाला घड्याळ बिचारं वादळ समजत होतं. जूनपासून चार महिने त्याला काही सुचेचना. खरं वादळ येतं तेव्हा काय होतं, हे ३ जून २०२०ला दापोली-मंडणगडने ‘निसर्ग’मध्ये बघितलं आहे. तिथे हवामान खात्याचा इशारा ऐकायचा, उशाजवळचं चित्र बघत बसायचं नाही.

आजी पाऊस वेगळ्याच कॅलेंडरने मोजते. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, त्यावरून मृगाचा, आर्द्राचा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस चांगला. वाहन ठरतं ते नुसत्या भागाकाराने, सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून नवाने भागायचं, त्यामुळे ढगांशी त्याचं काही नातं नाही. पण मृग लागला की पेरणीला उभं राहायचं, ही त्यातली आठवण शेकडो पावसाळ्यांच्या अनुभवाची आहे.

आणि आकाशाचा हिशेब ही या किनाऱ्याची जुनी खोड आहे. ज्या ‘ग्रहलाघवा’वरून महाराष्ट्रातली पंचांगं शतकानुशतकं बनली, तो ग्रंथ १५२०च्या सुमाराला मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने लिहिला. एकोणिसाव्या शतकात त्याचं गणित आणि आकाश यांत फरक पडू लागला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी नवं पंचांग सुरू केलं. हे छत्रे कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले. आपल्या जिल्ह्यात १८५३मध्ये दापोलीजवळच्या मुरूडला शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले, पेशाने शिक्षक. त्यांनी १८९६मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ मराठीत लिहिलं. त्यांच्यानंतर तीन वर्षांनी, १८५६ला, रत्नागिरीत टिळक जन्मले. त्यांचं ‘ओरायन’ १८९३चं. मृग नक्षत्राच्या सरकण्यावरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न. टिळकांचे निष्कर्ष आज फारसे कुणी धरत नाही, पण आकाशाचं हे भलंमोठं घड्याळ हळूहळू सरकतं, हे त्यातलं मूळ पक्कं आहे.

मृगावरूनच आजीच्या “पुढे आहे”चा उलगडा झाला. डिसेंबरात तिने सहज सांगितलं, “मार्गशीर्षात तिकांडं डोक्यावर आलं की मध्यरात्र. आम्ही भात झोडून झोपायला जायचो.” तिकांडं म्हणजे मृगाच्या पोटातले तीन तारे, व्याधाने मारलेला बाण. त्या रात्री, डिसेंबरच्या मध्यावर, मी अंगणात जाऊन उभा राहिलो. पेरूच्या वर, जराशी दक्षिणेला, तीन तारे. उत्तर-दक्षिण रेषेवर ते आले तेव्हा मोबाईल बघितला. बारा चाळीस.

म्हणजे आजीचं खरं होतं. रत्नागिरीच्या आकाशात तेव्हाच मध्यरात्र झाली होती. पुढे होता तो मोबाईल, आणि १ जानेवारी १९०६ पासून सगळेच.

आत आलो. ती जागीच होती, धोतरावर लाल १२:४४. मी तिला सदतीस मिनिटांचा हिशेब सांगितला आणि म्हटलं, “मागे करून देऊ? रत्नागिरीची खरी वेळ लावतो. एवढं बटण दाबायचं.”

तिने थोडा विचार केला.

“गोळी कुठल्या वेळेने घ्यायची? डॉक्टरच्या ना?”

“हो.”

“आणि तुझ्या आईची गाडी?”

“ती पण सरकारी वेळेनेच.”

“मग राहू दे,” ती म्हणाली. “माझं मी वजा करीन. आता दार लाव, गारठा येतो. आणि हळू लाव. तिला उठवू नको.”