जर्नलातला त्रिकोण

मुंबई विद्यापीठाची हद्द दक्षिणेला सिंधुदुर्गापर्यंत जाते. त्यामुळे चर्चगेटच्या कॉलेजातल्या मुलाला जे प्रॅक्टिकल असे, तेच रत्नागिरीच्या मुलाला. जर्नलावरचे कॉलेजचे नाव तेवढे वेगळे. संगणकाच्या अभ्यासक्रमांत एक विषय वर्षानुवर्षे ठाण मांडून आहे, तो म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्स. जुन्या जर्नलाची सुरुवात ‘रेषा काढणे’ या प्रयोगाने होई. अलीकडच्या जर्नलात सुरुवातीलाच ‘डायरेक्टथ्रीडी ११ वापरून त्रिकोण काढणे’ हा प्रयोग भेटतो. पीसीवर गेम लिहिणाऱ्यांच्या हत्यारांचा जवळजवळ सगळा इतिहास या दोन प्रयोगांच्या मधे घडला. तो कोकणात कोणत्या वाटेने आणि किती उशिरा पोचला, हेही या जर्नलांवरून कळते.

संगणकाने काढलेले चित्र महाराष्ट्रात या जर्नलांच्या कितीतरी आधी उमटले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. २,७०० निर्वात नळ्यांच्या या यंत्राला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता आणि त्यावर आलेख आणि अक्षरे दोन्ही दिसत. पण तो पडदा संशोधकांचा होता. सामान्य विद्यार्थ्याला पडद्यावर स्वतःच्या हाताने एक ठिपका उमटवायचा, तर पीसी यावा लागला.

रत्नागिरीत विज्ञानाचे शिक्षण जुने. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासूनचे. अभियांत्रिकीची फिनोलेक्स अकादमी १९९६ मध्ये मिरजोळ्याच्या एमआयडीसीत उभी राहिली, आणि दोनच वर्षांनी, जानेवारी १९९८ मध्ये, कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. नेमक्या याच काळात जगभरच्या पीसींमध्ये त्रिमितीय चित्रांसाठी वेगळी कार्डे बसू लागली होती. थ्रीडीएफएक्सचे वूडू कार्ड १९९६ चे, एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ हे १९९९ चे. कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र पडदा निळा होता. तो निळा पडदा टर्बो सीचा.

बोरलँड कंपनीच्या टर्बो सीमध्ये बीजीआय नावाची ग्राफिक्सची लायब्ररी होती. ‘इनिटग्राफ’ला बीजीआय फोल्डरचा पत्ता द्यायचा, म्हणजे ते ईजीएव्हीजीए ही ड्रायव्हर फाइल शोधून काढी आणि काळ्या पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपक्यांचे, १६ रंगांचे मैदान मोकळे होई. पत्त्यात एक तिरकी रेघ कमी पडली तरी ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ असा एरर. कंट्रोल-एफ-नाइन दाबून प्रोग्रॅम चालवायचा. शेवटी ‘गेटसीएच’ लिहायला विसरले की चित्र क्षणभर दिसून नाहीसे. या हत्याराचा गुण असा, की त्यात काहीही लपलेले नव्हते. ‘पुटपिक्सेल’ला आडवा आकडा, उभा आकडा आणि रंग दिला की ठिपका उमटे. बाकी सगळे ज्याचे त्याने करायचे.

या पिढीच्या हातात पुस्तकेही मराठी माणसाचीच होती. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ देशभर वाचले गेले. त्यांनी ‘ग्राफिक्स अंडर सी’ हे वेगळे पुस्तकही लिहिले. मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलाला परदेशी पुस्तक परवडत नसताना बीपीबीची ही पुस्तके परवडत होती. महाराष्ट्रातल्या ग्राफिक्सच्या इतिहासात त्यांचे नाव याहून ठळक हवे.

त्या जर्नलांतला सर्वांत टिकाऊ प्रयोग ब्रेसनहॅमचा. जॅक ब्रेसनहॅम सॅन होजेला आयबीएममध्ये होते. १९६२ मध्ये त्यांना एका प्लॉटरकडून सरळ रेष काढून घ्यायची होती. प्लॉटरची लेखणी ठरावीक टप्प्यांनीच सरके, आणि अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार त्या काळच्या यंत्राला महाग पडे. त्यांनी फक्त पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि लहान-मोठेपणाची तुलना यांवर रेष काढून दाखवली. १९६५ मध्ये ती रीत आयबीएमच्या नियतकालिकात छापून आली.

परीक्षेत ती अशी सोडवावी लागे. शून्य-शून्यपासून पाच-दोनपर्यंत रेष काढायची आहे. आडवे अंतर ५, उभे २. उभ्याची दुप्पट ४, त्यातून ५ वजा, म्हणजे निर्णायक आकडा उणे १. तो ऋण असला की नुसते एक घर पुढे सरकायचे आणि त्यात ४ मिळवायचे. म्हणून दुसरा ठिपका एक-शून्य, आणि आकडा झाला ३. आता तो ऋण नाही, म्हणून पुढे सरकताना एक घर वरही जायचे; ४ मिळवायचे आणि १० वजा करायचे. तिसरा ठिपका दोन-एक, आकडा उणे ३. मग तीन-एक, चार-दोन, आणि शेवटी पाच-दोन. सहा ठिपके, एकही भागाकार नाही. हे एकदा पेन्सिलीने चौकटीच्या वहीत करून पाहिलेल्या मुलाला पडद्यावरची रेष पायऱ्यापायऱ्यांची का दिसते, हे पुन्हा सांगावे लागत नाही. अभ्यासक्रम बदलताना हा प्रयोग जुनाट म्हणून काढून टाकावा असे म्हणणारे असतात. तो ठेवला हे उत्तमच झाले.

बाहेरच्या जगात मात्र पायाच बदलत होता. डॉसमध्ये गेम लिहिणारा थेट व्हिडिओ मेमरीत लिही. ३२० बाय २०० ठिपके, २५६ रंग. एका ठिपक्याला एक बाइट धरून ६४,००० बाइट, म्हणजे डॉसच्या एका सेगमेंटमध्ये अख्खे चित्र मावे. विंडोज ९५ ने ही थेट वाट बंद केली आणि गेम लिहिणारे विंडोजकडे फिरकेनात. त्यांना परत आणण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या ॲलेक्स सेंट जॉन, क्रेग आयस्लर आणि एरिक एंगस्ट्रॉम या तिघांनी डायरेक्टएक्स हा लायब्ररींचा संच उभा केला. पहिली आवृत्ती सप्टेंबर १९९५ ची. त्रिमितीचा भाग, म्हणजे डायरेक्टथ्रीडी, पुढच्या वर्षी आला. त्याच कामासाठी सिलिकॉन ग्राफिक्सचे ओपनजीएल १९९२ पासून होतेच.

खरी उलथापालथ २००० नंतरची. तोपर्यंत कार्डाला ‘इथे दिवा आहे, हा पृष्ठभाग चकचकीत आहे’ एवढे सांगता येई. प्रकाशाचे गणित कार्डात कोरलेले. डायरेक्टएक्स ८ ने शेडर आणले, म्हणजे प्रत्येक शिरोबिंदूसाठी आणि प्रत्येक ठिपक्यासाठी चालणारा छोटा प्रोग्रॅम आता गेम लिहिणारा स्वतः देऊ लागला. २००२ च्या डायरेक्टएक्स ९ सोबत त्यासाठी सीसारखी दिसणारी एचएलएसएल ही भाषा आली. २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर डायरेक्टएक्स ११ आले, २०१५ मध्ये १२, २०१६ च्या फेब्रुवारीत ओपनजीएलचा वारसदार व्हल्कन. आणि या सगळ्या वर्षांत लॅबमधली मुले पुटपिक्सेलच लिहीत होती. ६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्रॅम चालवणे सोडले, तेव्हा टर्बो सी डॉसबॉक्समध्ये बसवून चालवला गेला.

मुंबई विद्यापीठाने २०१८-१९ पासून बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या तिसऱ्या वर्षाला ‘गेम प्रोग्रॅमिंग’ हा विषय दिला, ही मोठी उडी होती. विंडो उभी करणे, त्रिकोण, टेक्श्चर, पसरट प्रकाश, चकाकीचा प्रकाश, मॉडेल लोड करणे आणि पुढे युनिटी हे तयार इंजिन, असा त्याचा क्रम. यादी नीट विचार करून केलेली आहे. अडचण हत्याराची झाली. डायरेक्टथ्रीडी ११ हे सी प्लस प्लसमधून लिहायचे, तर त्रिकोणाआधीच शंभरेक ओळी लागतात. म्हणून बऱ्याच लॅबमध्ये सोपी वाट रूढ झाली: सी शार्प आणि मॅनेज्ड डायरेक्टएक्स. ही लायब्ररी डायरेक्टथ्रीडी ९ च्या काळातली, मायक्रोसॉफ्टने २००६ च्या सुमारास एक्सएनए या नव्या लायब्ररीसाठी बाजूला सारलेली. नव्या व्हिज्युअल स्टुडिओत ती चालवली की ‘लोडरलॉक’चा इशारा येऊन प्रोग्रॅम थांबे. त्यावरचा उपाय म्हणून एक्सेप्शन सेटिंग्जमध्ये जाऊन लोडरलॉकपुढची खूण काढायची, हे मुले पाठ करून ठेवत. प्रयोगाचे नाव डायरेक्टथ्रीडी ११, चालणारे हत्यार ९ चे.

उशीर फक्त आवृत्तीचा असता तर एवढे बिघडले नसते. ब्रेसनहॅमला साठ वर्षे होऊन गेली, तरी तो शिकण्यासारखा आहेच. पण या काळात गेम लिहिणाऱ्यांकडे आणखी एक गोष्ट आली होती, ती म्हणजे तयार झालेल्या चित्राच्या आत शिरून पाहण्याची हत्यारे. पिक्स हे मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी केले आणि मग विंडोजवर आणले. एनव्हिडियाचे एनसाइट आहे. या कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. आणि क्रायटेक या गेम कंपनीत असताना बॉल्डर कार्लसन यांनी लिहिलेले रेंडरडॉक २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुले झाले, तेही फुकट आणि सोर्स कोडसकट.

जर्नलाने मुलांना चित्र काढायला शिकवले. काढलेल्या चित्राची तपासणी कधी शिकवली नाही. गेमच्या कंपनीत मात्र निम्मे काम तेच असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम अनरियल इंजिन ४ वर करून स्विच, पीसी आणि इतर कन्सोलवर आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसूनही या छोट्या चमूने तो पुरा केला. त्यातल्या कथेचे तुकडे सावल्यांच्या बाहुल्यांच्या रूपात सांगितले आहेत. ही कला कोकणाला परकी नाही: कुडाळजवळचे पिंगुळी हे चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या नाचवणाऱ्या ठाकर कलावंतांचे गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. इंजिन तयार मिळाले तरी ‘राजी’सारख्या गेममध्ये सावली वाकडी पडली, की कोणीतरी चित्र थांबवून ती कुठल्या पायरीवर बिघडली ते शोधावेच लागते.

रेंडरडॉक ते असे दाखवते. गेम चालू असताना एक कळ दाबली की एका फ्रेमची सगळी आज्ञावली साठवली जाते. डावीकडे क्रमाने आज्ञा: पडदा पुसला, हे काढले, ते काढले. कुठल्याही ओळीवर क्लिक केले की तिथपर्यंतचेच चित्र दिसते. एखादा ठिपका निवडला की त्यावर कोणी कोणी रंग टाकला, कोणाचा नाकारला गेला, याची यादी मिळते. त्रिकोणाच्या प्रयोगात नेहमी होणारी चूक घ्या. तीन शिरोबिंदू घड्याळाच्या उलट दिशेने दिले की डायरेक्टथ्रीडी ११ तो त्रिकोण पाठमोरा समजून गाळते आणि पडद्यावर नुसती निळी पार्श्वभूमी उरते. मुलगा शेडरमध्ये चूक शोधत बसतो. रेंडरडॉकच्या मेश खिडकीत तिन्ही बिंदू जागेवर दिसतात. म्हणजे चूक त्याच्या पुढच्या पायरीवर आहे, हे लगेच कळते.

मॅनेज्ड डायरेक्टएक्सने काढलेला त्रिकोण मात्र रेंडरडॉकमध्ये उघडत नाही, कारण ते डायरेक्टथ्रीडी ९ पकडत नाही. ११, १२, ओपनजीएल आणि व्हल्कन पकडते. त्या शंभरेक ओळी मुलांना आयत्या टाइप करून द्याव्यात, विंडोज एसडीके आणि व्हिज्युअल स्टुडिओची मोफत आवृत्ती लॅबमध्ये टाकावी, आणि त्रिकोण खरोखर ११ मध्ये काढून घ्यावा. मग एक्स्टर्नलला ओरलमध्ये कोड पाठ म्हणवून घ्यावा लागणार नाही. त्रिकोणातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवून, हा लाल का झाला ते रेंडरडॉकमध्ये दाखव, असे विचारता येईल.