एका न मिळालेल्या पदवीचा इतिहास

‘बोधनिक मानसशास्त्र’ हे नाव रूढ झाले, ते अल्रिक नायसर यांचा त्याच नावाचा ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाल्यानंतर. परंतु स्मृती, अवधान, साहचर्य हे त्याचे विषय प्रयोगशाळेत येऊन तेव्हा कित्येक दशके लोटली होती. या विषयांवर डॉक्टरेटच्या दर्जाचे संशोधन करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत मेरी व्हिटन कॅल्किन्स (१८६३–१९३०) यांची गणना करावी लागते. त्यांचा अभ्यास पूर्ण झाला, परीक्षा झाली. पदवी मात्र मिळाली नाही. हा वृत्तान्त बहुधा अन्यायाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. परंतु पदवी नेमके काय सांगते, हा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार करावयाचा आहे.

कॅल्किन्सबाई १८८७ पासून अमेरिकेतील वेलस्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयात ग्रीक भाषा शिकवीत. तेथे मानसशास्त्राचे अध्यापन त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरले, ते त्यांनी आधी वर्षभर त्या विषयाचा अभ्यास करावा या अटीवर. १८९० साली हार्वर्ड विद्यापीठात विल्यम जेम्स यांच्या वर्गास बसण्याची अनुज्ञा त्यांना मिळाली. पण या सवलतीमुळे त्या विद्यापीठाच्या विद्यार्थिनी ठरत नाहीत, असे अधिकारी मंडळाने नोंदवून ठेवले. वर्गातील इतर विद्यार्थी लवकरच गळाले, आणि जेम्स यांचा ‘मानसशास्त्राची तत्त्वे’ हा नुकताच प्रसिद्ध झालेला ग्रंथ त्यांनी एकटीने ग्रंथकर्त्यापाशीच अभ्यासिला. १८९१ साली त्यांनी वेलस्लीत प्रयोगशाळा स्थापिली. पुढे हार्वर्डमध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले, तेही पाहुणी म्हणूनच.

या संशोधनाचा विषय साहचर्य हा होता. प्रयोगात एक रंग व त्यापाठोपाठ एक अंक, अशा जोड्या दाखवावयाच्या. नंतर केवळ रंग दाखवून अंक आठवावयास सांगावयाचे. एकच रंग दोन निरनिराळ्या अंकांशी जोडला, आणि त्यांपैकी एक जोडी अनेकदा दाखविली, किंवा तिचा अंक ठसठशीत केला, किंवा ती अगदी शेवटी ठेवली, तर कोणता अंक आठवतो? अशा तुलनेतून पुनरावृत्तीचा प्रभाव सर्वांत प्रबळ असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. हीच पद्धत पुढे ‘युग्मित साहचर्य’ या नावाने स्मृतिसंशोधनात सर्वत्र रूढ झाली. परभाषेतील शब्द व त्याचा अर्थ यांची सांगड मनात कशी बसते, हे तपासणाऱ्या भाषाभ्यासकासही ती परिचित आहे.

१८९४ साली कॅल्किन्सबाईंना पदवीच्या उमेदवार म्हणून मान्यता द्यावी, अशी म्युन्स्टरबर्ग यांनी केलेली विनंती विद्यापीठाने अमान्य केली. तरीही १८९५ साली विभागातील जेम्स, जोसाया रॉइस, म्युन्स्टरबर्ग प्रभृती अध्यापकांनी त्यांची अनधिकृत परीक्षा घेतली आणि त्या पदवीस सर्वथा पात्र असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. अधिकारी मंडळ बधले नाही. साहचर्यावरील त्यांचा निबंध १८९६ साली प्रसिद्ध झाला.

१९०२ साली निराळा मार्ग पुढे करण्यात आला. हार्वर्डशी संलग्न असलेल्या रॅडक्लिफ या स्त्रियांच्या महाविद्यालयाची डॉक्टरेट कॅल्किन्सबाईंसह चौघींना देऊ करण्यात आली. कॅल्किन्सबाईंनी ती नाकारली. त्यांचे सारे काम हार्वर्डमध्ये झाले होते. पदवीपत्र हे एक विधान असते : अमुक व्यक्तीने अमुक अभ्यास अमुक ठिकाणी पूर्ण केला. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर देऊ केलेल्या विधानातील कर्ता व कर्म खरे होते, अधिकरण तेवढे खोटे होते. ते स्वीकारणे म्हणजे विद्यापीठाच्या पळवाटेवर आपली सही करणे होते. पदवीचा व्यावहारिक लाभ ध्यानात घेता हा नकार सोपा नव्हता.

१९०५ साली त्या अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या आणि १९१८ साली अमेरिकन तत्त्वज्ञान संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. दोन्ही ठिकाणी हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९२७ साली हार्वर्डच्या काही माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या पदवीसाठी पुन्हा अर्ज केला, तोही फेटाळला गेला. रॅडक्लिफच्या विद्यार्थिनींना हार्वर्डची पदवी मिळू लागली ती १९६३ पासून.

संशोधनाची योग्यता ठरविण्याचा अधिकार आणि पदवी देण्याचा अधिकार हे दोन्ही एकाच संस्थेत असले, तरी ते एक नव्हेत, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते. पहिला अधिकार १८९५ सालच्या परीक्षकांनी प्रामाणिकपणे बजावला. इतिहासाभ्यासकाने केवळ पदवीधरांच्या यादीवर विसंबून विषयाचा इतिहास लिहिला, तर हे संशोधन त्याच्या दृष्टीआड राहील.