एबीसी पाळणाघर आग, २००९

एबीसी पाळणाघर आग ही मेक्सिकोच्या सोनोरा राज्याची राजधानी एर्मोसियो येथे ५ जून २००९ रोजी घडलेली दुर्घटना आहे. या आगीत ४९ बालकांचा मृत्यू झाला. त्यांत २५ मुली व २४ मुलगे होते. सर्व मृत बालके पाच वर्षांखालील होती. आगीपूर्वी दोन आठवड्यांच्या आतच या पाळणाघराची सुरक्षा तपासणी झाली होती व ते नियमांची पूर्तता करणारे ठरले होते. त्यामुळे दुर्घटनेनंतर पाळणाघरांना परवानगी देण्याची व त्यांच्या तपासणीची संपूर्ण पद्धतच देशभर वादाचा विषय झाली. त्यातून २०११ मध्ये ‘पाच जून कायदा’ या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय कायदा अस्तित्वात आला.

पार्श्वभूमी

मेक्सिकोमध्ये नोकरदार मातांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय हा सामाजिक विम्याचा भाग आहे. ही सोय पुरवण्याची जबाबदारी १९४३ मध्ये स्थापन झालेल्या मेक्सिकन सामाजिक सुरक्षा संस्थेकडे आहे. तिचा खर्च मालकांकडून वेतनाच्या प्रमाणात घेतल्या जाणाऱ्या वर्गणीतून भागवला जातो. मागणी वाढत गेल्यावर संस्थेने स्वतः पाळणाघरे चालवण्याबरोबरच खाजगी चालकांशी करार करण्यास सुरुवात केली. या पद्धतीत जागा व कर्मचारी चालकाचे असत आणि संस्था प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम देई. कालांतराने संस्थेची बहुतांश पाळणाघरे या कंत्राटी पद्धतीने चालू लागली.

एबीसी पाळणाघर २००१ पासून अशा कराराखाली चालत होते. मालकांपैकी काहींचे राज्य शासनातील अधिकाऱ्यांशी, तर एका मालकाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांच्या पत्नीच्या कुटुंबाशी नाते होते. आगीनंतर करार कोणत्या निकषांवर दिले जातात, हा प्रश्न त्यामुळे अधिक तीव्रतेने विचारला गेला.

इमारत

पाळणाघराची वास्तू मुळात गोदाम म्हणून बांधलेली होती. त्याच इमारतीचा शेजारचा भाग सोनोरा राज्याच्या वित्त विभागाने गोदाम म्हणून वापरात घेतला होता. तेथे कागदपत्रे, वाहने व टायर साठवलेले होते. दोन्ही भागांमध्ये सामाईक भिंत होती.

छताला उष्णतारोधक म्हणून पॉलियुरेथेन फोमचा थर होता व त्याखाली ताडपत्रीसारख्या कापडाचे आढे लावलेले होते. हे दोन्ही पदार्थ ज्वलनशील होते. जळताना त्यांच्यातून विषारी धूर निघतो. खिडक्या उंचावर होत्या. रोजच्या वापरात मुख्य दरवाजा होता, तर आपत्कालीन दार ऐनवेळी उपयोगी पडले नाही.

आगीपूर्वीच्या तपासण्या

पाळणाघरावर एकाहून अधिक यंत्रणांची देखरेख होती. करार करणारी सामाजिक सुरक्षा संस्था आपल्या निकषांनुसार पाहणी करीत असे. इमारतीची सुरक्षितता आणि आपत्कालीन तयारी हा राज्य व महापालिका स्तरावरील नागरी संरक्षण यंत्रणांचा विषय होता. २००५ मध्ये सामाजिक सुरक्षा संस्थेच्याच अधिकाऱ्यांनी या वास्तूतील त्रुटी लेखी नोंदवून सुधारणा सुचवल्या होत्या. कापडी आढे आणि बाहेर पडण्याचे मार्ग यांचाही त्यांत समावेश होता. या सुधारणा पूर्ण झाल्या नाहीत, तरीही करार चालू राहिला. शेवटची तपासणी २६ मे २००९ रोजी झाली आणि तिच्यातही पाळणाघर समाधानकारक ठरले.

शेजारच्या शासकीय गोदामातील ज्वलनशील साठा पाळणाघराच्या मूल्यमापनात धोका म्हणून धरला गेला नव्हता. गोदाम ज्या शासनाच्या ताब्यात होते, त्याच शासनाची नागरी संरक्षण यंत्रणा सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्यांपैकी एक होती.

आग

५ जून २००९ हा शुक्रवार होता. दुपारी तीनच्या सुमारास, मुलांच्या झोपेच्या वेळी, शेजारच्या गोदामात आग लागली. पाळणाघरात त्या वेळी १४० हून अधिक मुले होती. अधिकृत चौकशीनुसार गोदामातील हवा थंड करणाऱ्या यंत्राची मोटर अतितापल्याने आग लागली. काही पालकांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही व स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासाची मागणी केली.

आग छत व कापडी आढे यांमधील पोकळीतून पाळणाघराच्या बाजूला पसरली. धूर सुरुवातीला आढ्याच्या वरच्या भागात साठत राहिला. त्यामुळे खालच्या खोल्यांमध्ये धोक्याची जाणीव उशिरा झाली. त्यानंतर आढे पेटून जळते तुकडे खाली पडू लागले. कर्मचाऱ्यांनी व परिसरातील रहिवाशांनी मुलांना बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. एका नागरिकाने आपला पिकअप ट्रक भिंतीवर वारंवार धडकवून भगदाडे पाडली व त्यांतून मुलांना बाहेर काढण्यात आले.

भाजल्यामुळे आणि धुराने गुदमरल्यामुळे हे मृत्यू झाले. काही मुले नंतरच्या दिवसांत रुग्णालयात दगावली. गंभीर जखमींपैकी काहींना ग्वादालाहारा येथे, तर काहींना अमेरिकेतील सॅक्रामेंटो येथील रुग्णालयात हलवण्यात आले.

चौकशी व न्यायालयीन कार्यवाही

मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने मानवी हक्कांच्या गंभीर उल्लंघनाच्या चौकशीसाठी असलेला आपला विशेष अधिकार या प्रकरणात वापरला. न्यायाधीश आर्तुरो साल्दिवार यांनी सादर केलेल्या मसुद्यात सामाजिक सुरक्षा संस्थेचे आजी-माजी प्रमुख आणि सोनोराचे माजी राज्यपाल एदुआर्दो बोउर्स यांच्यासह उच्चपदस्थांवर जबाबदारी निश्चित करण्याचा प्रस्ताव होता. देखरेखीचे काम कनिष्ठांकडे सोपवले तरी त्या व्यवस्थेची जबाबदारी वरिष्ठांवर राहते, अशी त्यामागील भूमिका होती. जून २०१० मध्ये न्यायालयाने हक्कांचे गंभीर उल्लंघन झाल्याचे मान्य केले. मात्र उच्चपदस्थांना जबाबदार धरण्याचा भाग बहुमताने फेटाळला.

फौजदारी खटले अनेक वर्षे चालले. राजकीय परिणाम मात्र लगेच दिसले. आगीनंतर महिन्याभरातच झालेल्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत सोनोरात दीर्घकाळ सत्तेवर असलेल्या इन्स्टिट्यूशनल रिव्होल्यूशनरी पक्षाचा पराभव झाला.

पाच जून कायदा

मृत मुलांच्या पालकांनी ‘पाच जून न्याय नागरिक चळवळ’ उभारून राष्ट्रीय कायद्याचा आग्रह धरला. बालकांची देखभाल, संगोपन व सर्वांगीण विकास यांच्या सेवांविषयीचा हा सर्वसाधारण कायदा २४ ऑक्टोबर २०११ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्याची नियमावली २०१२ मध्ये आली. तो सार्वजनिक, खाजगी आणि मिश्र अशा सर्व प्रकारच्या पाळणाघरांना लागू आहे. त्यातील प्रमुख तरतुदी अशा:

• पाळणाघर चालवण्यासाठी मुदतीची परवानगी व राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आवश्यक.
• प्रत्येक केंद्राचा अंतर्गत नागरी संरक्षण आराखडा बंधनकारक.
• मुलांच्या जिवाला धोका निर्माण करू शकणारे आस्थापन केंद्रापासून ५० मीटरच्या आत असण्यास मनाई.
• आपत्कालीन मार्ग मोकळे ठेवणे व किमान दर दोन महिन्यांनी कर्मचारी आणि मुलांसह बचावाची रंगीत तालीम घेणे.
• सक्षम यंत्रणांकडून किमान दर सहा महिन्यांनी पडताळणी.
• त्रुटी आढळल्यास लेखी शिफारस, दंड, तात्पुरती बंदी किंवा परवानगी रद्द करण्याची कारवाई.

यांतील ५० मीटरच्या तरतुदीमुळे तपासणीची कक्षा पाळणाघराच्या भिंतींपलीकडे गेली.

स्मरण

दरवर्षी ५ जून रोजी एर्मोसियो येथे पालक व नागरिक मोर्चा काढतात. २०१७ मध्ये पालक व कार्यकर्त्यांनी मेक्सिको सिटीतील पासेओ दे ला रेफोर्मा या हमरस्त्यावर, सामाजिक सुरक्षा संस्थेच्या मुख्यालयासमोर, ‘४९ एबीसी’ हे निषेध-स्मारक उभारले.