आयव्ही ली : एका प्रतिज्ञेची कथा

वकिलाने अशिलाची बाजू मांडावी, यात कोणी दोष मानीत नाही; कारण तो कोणाचा वकील हे न्यायाधीशास ठाऊक असते आणि प्रतिपक्षाचा वकीलही समोर उभा असतो. परंतु पैसे घेऊन जो लोकांपुढे एखाद्याची बाजू मांडतो, त्याने कोणते बंधन पाळावे? जनसंपर्काच्या धंद्याच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, अमेरिकेतील आयव्ही ली, यांचे चरित्र आम्हांस या प्रश्नासाठीच विचारार्ह वाटते.

ली यांचा जन्म १८७७ साली जॉर्जिया प्रांतात एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी घेऊन त्यांनी न्यूयॉर्क येथे काही वर्षे बातमीदारी केली. त्या काळी धनाढ्य कंपन्यांवर वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार होत असे, आणि कंपन्यांचे चालक मौनातच शहाणपण मानीत. हे मौनच त्यांस घातक आहे, हे ली यांनी ओळखले. १९०५ च्या सुमारास जॉर्ज पार्कर यांच्या भागीदारीत त्यांनी आपली पेढी काढली. १९०६ साली कोळशाच्या खाणमालकांचे काम पत्करताना त्यांनी संपादकांकडे एक जाहीरनामा धाडला. आपले काम उघड चालेल, दिलेली माहिती अचूक असेल, आणि ती पडताळून पाहू इच्छिणाऱ्यास साह्य केले जाईल, असा त्याचा आशय होता. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे काम करतानाही, अपघात झाकण्याची जुनी रीत सोडून बातमीदारांस माहिती द्यावी, असाच त्यांचा आग्रह असे.

येथवर सर्व स्तुत्य होय. परंतु प्रतिज्ञेची कसोटी लागली ती १९१४ साली. कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर २० एप्रिल रोजी हल्ला झाला. तंबूंस आग लागली आणि एका तंबूखालच्या खड्ड्यात २ स्त्रिया व ११ मुले मृत्युमुखी पडली. तेथील प्रमुख कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यात होती, आणि तिच्या बचावासाठी ली यांस पाचारण झाले. त्यांनी काढलेल्या पत्रकांत एका कामगार पुढाऱ्याचे वर्षाचे वेतन अवघ्या नऊ आठवड्यांचे म्हणून दाखविले गेले. पुढे सरकारी चौकशी मंडळाने, ही माहिती पडताळण्यासाठी आपण स्वतः काय केले, असे विचारले असता, काहीही नाही, अशी कबुली त्यांस द्यावी लागली. 'विषवेल' या अर्थाचे टोपणनाव अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांस दिले, ते कायमचेच चिकटले.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनी जर्मनीतील आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीस वार्षिक २५,००० डॉलरांवर सल्ला दिला. ज्यूंच्या छळाबद्दल अमेरिकन मन कधीही वळणार नाही, असे आपण जर्मनांस बजावले होते, असे त्यांनी १९३४ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सांगितले. तथापि लोकांचा विश्वास उडाला होता. त्याच वर्षी ९ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

ली यांस केवळ खोटारडे म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. त्यांचा जाहीरनामा खोटा नव्हता. तो पाळण्याचे श्रम मात्र त्यांनी ऐन वेळी घेतले नाहीत. धन्याने हाती दिलेला कागद न तपासता पुढे सरकविणे ही लहानशी हयगय वाटते. परंतु ज्याचे सारे भांडवल लोकांचा विश्वास हेच आहे, त्याचे दिवाळे तेवढ्याने निघते. सत्य सांगण्याची प्रतिज्ञा सोपी. ते आधी शोधण्याची प्रतिज्ञा कठीण, आणि पहिलीस मोल येते ते दुसरीमुळेच.