क्रेगलॉकहार्ट युद्धरुग्णालय

पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ (युद्धामुळे बसलेला मानसिक आघात) झालेल्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी एडिंबरो येथे चालवलेले मानसोपचार रुग्णालय (१९१६–१९). ते एका जुन्या जलोपचारगृहात उघडले. येथील डॉक्टर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे मानवशास्त्रज्ञही होते. निलगिरीतील तोडा जमातीवरील त्यांचा ग्रंथ (१९०६) प्रसिद्ध आहे. भयानक आठवणी मनाबाहेर ढकला, असा सल्ला तेव्हा सर्रास दिला जाई. त्या दाबून ठेवल्यानेच दुःस्वप्ने बळावतात, असे रिव्हर्स यांना आढळले. म्हणून ते रुग्णाला बोलते करत आणि आठवणीतला सोसवेल असा अंश शोधायला मदत करत. कवी सीगफ्रीड ससून त्यांचेच रुग्ण. दुसरे कवी विल्फ्रेड ओवेन यांच्यावर आर्थर ब्रॉक यांनी उपचार केले. ब्रॉक यांचा भर कामात गुंतवण्यावर होता; ओवेन ‘द हायड्रा’ या रुग्णांच्या नियतकालिकाचे संपादक झाले. मात्र हे दार फक्त अधिकाऱ्यांना उघडे होते. त्याच काळात लंडनमध्ये डॉक्टर लुइस यीलंड वाचा गेलेल्या शिपायांना विजेचे झटके देत. ही विषमता अक्षम्य होती. बरे झालेल्यांना पुन्हा लढायला पाठवणे हाच लष्कराचा हेतू. ओवेन परतले आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये मारले गेले. ही इमारत आता एडिंबरो नेपियर विद्यापीठाकडे असून तेथे युद्धकवींविषयीचा संग्रह आहे.